कोठार भरलेलं होतं, तरी गाव ओस पडलं. कुठे चुकलं? (गेम : बॅनिश्ड)

बिनकार्ड

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितोय. एरवी मी पाककृती आणि भटकंती वाचून गुपचूप निघून जाणारा माणूस.

वय ६३. ठाण्याच्या एका कारखान्यात ३१ वर्षं स्टोअर्स सांभाळलं. दर मार्चला ऑडिटर यायचा. बिनकार्डावरचा, म्हणजे मालाच्या नोंदकार्डावरचा, आकडा आणि रॅकवरचा माल जुळला नाही, असं ३१ वर्षांत दोनदाच घडलं. (दुसऱ्या वेळी कॉर्कची गॅस्केटं उंदरांनी कुरतडली होती, ती माझ्या खात्यावर टाकू नयेत.)

गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, बातम्यांची चॅनलं बंद, चिडचिड बंद. मुलीनं तिचा जुना लॅपटॉप दिला आणि त्यावर 'बॅनिश्ड' घालून दिला. "बाबा, यात कुणी कुणाला मारत नाही, पैसा नाही, घाई नाही. गाव वसवायचं आणि माल सांभाळायचा. तुमचंच काम आहे."

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुठून तरी हाकलून दिलेली चार-सहा कुटुंबं एका दरीत येऊन उतरतात. सोबत थोडं अन्न, कपडे, अवजारं. मग तुम्ही झाडं तोडायची, दगड वेचायचे, घरं बांधायची, शेतं आखायची. हिवाळ्यात बर्फ पडतं, तेव्हा घरात सरपण हवं. अवजारं झिजतात, कोट फाटतात. शत्रू नाही, सोनं नाही, 'तुम्ही जिंकलात' अशी पाटी नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत आलेला हा गेम ल्यूक होडोरोविच नावाच्या एकाच माणसानं बनवलाय, असं मुलगी म्हणाली. एकट्यानं! आमच्याकडे एका गेटपासला तीन सह्या लागायच्या.

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. चार दिवसांत वही घातली. पानावर उभ्या रेघा : ओंडके, दगड, लोखंड, सरपण, अवजारं, अन्न. माणूस वर्षाला १०० अन्न खातो, हे दोन हिवाळे मोजून माझं मीच काढलं. सरपणाचा हिशेब तर इतका गोड आहे की बायकोला उठवून सांगितला. एका ओंडक्यापासून अडाणी लाकूडतोड्या ३ सरपण काढतो, शाळा शिकलेला ४ काढतो. व्यापाऱ्याची बोट येते तिच्यात ओंडक्याची किंमत २ आणि सरपणाची प्रत्येकी ४. म्हणजे दोनाच्या मालाचे सोळा! असा मार्जिन आमच्या मालकाला मिळता तर आम्हाला बोनससाठी गेटवर बसावं लागलं नसतं.

आता दुखणं. गावाचं नाव ठेवलं करी रोड. मीडियम, म्हणजे मध्यम अवघड पातळीवर पाच कुटुंबांपासून सुरुवात केली. वहीतले आकडे देतो :

९ वं वर्ष : २७ घरं, ७१ माणसं. सगळ्यांना छप्पर मिळालं, म्हणून घरबांधणी थांबवली आणि कोठारं, शाळा, ट्रेडिंग पोस्ट यांच्या मागे लागलो.
१४ वं वर्ष : १२४ माणसं, कोठारात अन्न १३,०००.
१८ वं वर्ष : १२१ माणसं, अन्न १५,५००.
२२ वं वर्ष : ७४ माणसं, अन्न १९,०००.
२८ वं वर्ष : १९ माणसं, अन्न १६,०००.

बघा, एकही भूकबळी नाही. कुणी गारठून मेलं नाही. सरपण ९००च्या खाली कधी गेलं नाही. खाणीत दगड पडून एक गेला आणि एक बाई बाळंतपणात गेली, एवढंच. बाकी सगळे म्हातारपणानं. वर पट्टीत ओळीनं निधनवार्ता येत राहिल्या. मी म्हटलं, चालायचंच, पिकली पानं. आणि बघताबघता गावात १९ म्हातारी माणसं आणि चार गच्च भरलेली कोठारं उरली.

माल होता. सेफ्टी स्टॉक होता. रिऑर्डर लेव्हल पाळली होती. मग गेलं काय? दोन रात्री झोप नाही. मुलीला विचारलं तर म्हणते, "बाबा, रिलॅक्स व्हायला दिला होता." जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

लासलगावकर

काका, उत्तर मला माहीत नाही, पण या गेमवर माझा जुना राग आहे, तो इथे काढून घेतो. यात कांदा पेरताच येत नाही! शेतात बटाटा, भोपळा, कोबी, मका, गहू, घेवडा चालतो. कांदा मात्र गॅदररची बाई जंगलातून टोपलीत वेचून आणते, बोरं नि अळंबी वेचावीत तसा. आमच्याकडे रोपं, लागण, काढणी, चाळी भरणं आणि वर भावाची बोंब यात घरदार म्हातारं झालं आणि इथे फुकट उगवतोय.

आणि गहू तसाच खातात. गिरणी नाही, भाकरी नाही, काही नाही. पोतं घरी नेलं, संपलं.

---

अर्धा_चहा

लिमिट तपासलं का? प्रत्येक मालाला एक मर्यादा घातलेली असते. कोठारातला आकडा तिथे पोचला की कामगार हात बांधून बसतात. माझं पहिलं गाव त्यानंच मेलं होतं. सरपणाची मर्यादा वाढवायची विसरलो, वस्ती तिप्पट झाली आणि लाकूडतोड्या 'टार्गेट पूर्ण' म्हणून गप्पा मारत उभा. जानेवारीत अर्धं गाव गारठलं.

---

बिनकार्ड

@अर्धा_चहा, मर्यादा हाच तर माझा जीव की प्राण. अन्न २०,०००, सरपण १,०००, अवजारं ६०. दर वसंतात वाढवून घेत होतो. ते नाही.

@लासलगावकर, गव्हाचं आमच्या हिच्याही लक्षात आलं. "कोरडा गहू खाऊन माणसं मेली नाहीत तर काय होईल," हे तिचं निदान.

---

खानावळवाली

काका, तुमचं गाव अन्नावाचून मेलं नाही, खोल्यांवाचून मेलं.

मी हा गेम ९ वर्षं खेळतेय. इचलकरंजीत माझी खानावळ आहे, रात्री साडेदहाला भांडी उपडी घातली की तासभर खेळते. तुमच्यासारखीच मीही आधी माणशी हिशेबात अडकले होते. आमचा धंदाच माणशी. म्हणून आधी तेवढंच बघितलं जातं.

तुमच्या वहीत एक उभी रेघ कमी आहे : वय. या गेममध्ये एका वर्षात माणूस साधारण ५ वर्षांनी म्हातारा होतो. ही गोष्ट कुठे ठळक लिहिलेली नाही, माणसावर क्लिक करून दोन-तीन वर्षं पाठलाग केला तर कळते. आता तुमचेच आकडे घेऊन सांगते.

नवव्या वर्षी तुम्ही सत्ताविसावं घर बांधलं आणि हात झटकले. तेव्हा त्या घरांत होतं कोण? जवळपास सगळी वीस-पंचवीस वर्षांची जोडपी, कारण मधल्या चार वर्षांत तुम्ही भराभर घरं उठवलीत आणि जे जे लग्नाचं झालं ते ते आत शिरलं. पुढच्या तीन-चार वर्षांत धडाधड पाळणे हलले. एका घरात पाचच माणसं मावतात. तेवढी झाली की पाळणा थांबतो. म्हणून चौदाव्या वर्षी १२४. तिथे तुमचा वरचा आकडा लागला आणि तुम्हाला वाटलं, गाव भरलं.

अठरावं वर्ष. पहिल्या पिढीची जोडपी आता पासष्टीच्या पुढे. त्यांची पोरं पंचवीस ते चाळीस. लग्नं व्हायला हवीत. पण इथे लग्न म्हणजे मुहूर्त नाही की पत्रिका नाही, रिकामं घर दिसलं की एक मुलगा नि एक मुलगी त्यात जाऊन राहतात. रिकामं घर नसेल तर दोघं आपापल्या आईबापांकडे बसून राहतात. काम करतात, जेवतात, बोलत काही नाहीत. तुम्हाला वर पट्टीत निरोपही येत नाही की अमक्या तमक्याचं लग्न रखडलंय.

मग विसाव्या-बाविसाव्या वर्षी म्हातारी पिढी एका दमात गेली. घरं मोकळी झाली. पण तोवर पोरी चाळीस-पन्नासच्या. दोघं-दोघं राहायला गेले असतील, पाळणा मात्र कुठून हलणार? पुढची सहा वर्षं तुम्ही त्या दुसऱ्या पिढीची पानगळ बघत होतात.

आणि कोठार भरत का गेलं? खाणारी तोंडं कमी झाली म्हणून! आणि पोरं कमी, म्हणजे बसून खाणारं कुणी नाही, उरलेले सगळे कमावते. बाविसाव्या वर्षी तुमचं गाव कागदावर सगळ्यात सुखी होतं. मला तुमच्या पाच ओळींत तीच भयंकर वाटली.

उपाय अगदी साधा आहे, पण अंगी बाणवायला वेळ लागतो. घरं गरज पडली म्हणून बांधायची नाहीत, वर्षाचा रतीब म्हणून बांधायची. लाकडी घराला १६ ओंडके आणि ८ दगड, फार नाही. सुरुवातीला वर्षाला एक, वस्ती शंभरावर गेली की दोन-तीन. एकदम दहा बांधलीत तर दहा जोडपी एकाच वयाची, त्यांची पोरं एकाच वयाची, मग तीच लाट पुन्हा येणार. आणि शून्य बांधलीत तर काय होतं ते तुम्ही बघितलंच.

उलटी चूकही सांगून ठेवते, कारण आता तुम्ही घाबरून घरांचा सपाटा लावाल. दर घरामागे तीन-चार वर्षांत पाच तोंडं धरा, म्हणजे ५०० अन्न. तेवढी शेतं, तेवढा गॅदरर आधी उभा हवा. माझं दुसरं गाव याच्या उलट मेलं : घरंच घरं, पोरंच पोरं आणि तिसऱ्या हिवाळ्यात कोठारात झाडू मारायची वेळ.

अजून एक. तुम्ही शाळा कितव्या वर्षी काढलीत? शाळा नसेल तर पोरं दहाव्या वर्षी कामाला लागतात. शाळा काढली की सोळाव्यापर्यंत बाकावर. शिकलेला माणूस जास्त पिकवतो हे खरं, पण शाळा उघडली की पुढचं वर्षभर नवा कामगार मिळतच नाही. त्या वर्षीची तरतूद आधी करून ठेवायची असते.

---

निवांत_नाही

+१. खानावळवाली ताईंना दंडवत.

पण 'रिलॅक्सिंग गेम' म्हणून हा कोण कुणाला देतं? मी दहापट वेगानं चालवून चहा करायला गेलो. परत आलो तर आगीत अर्धी आळी साफ. विहीर नव्हती.

---

बिनकार्ड

ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन बसलो.

मी मोठा झालो ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली. आई-वडील, आजी, आम्ही तिघं भाऊ, एक बहीण. वडील गिरणीत, थोरला भाऊही गिरणीत. त्याचं लग्न झालं तेव्हा खोलीत आडवा पडदा लागला आणि आम्ही दोघं धाकटे अंथरुणं घेऊन बाहेर पॅसेजमध्ये. पावसाळ्यात टोकाकडून पाणी आत यायचं, म्हणून जिन्याजवळची जागा धरायला साडेनऊलाच चादर टाकून ठेवायची.

मला नोकरी लागली चोविसाव्या वर्षी. मुली सांगून येत होत्या. पहिला प्रश्न : जागा आहे का? जागा नव्हती. एका ठिकाणी सगळं जुळलं होतं, मुलीचे मामा खोली बघायला आले, दारातून आत वाकून बघितलं, चहाही न घेता गेले. शेवटी डोंबिवलीला वन रूम किचन घेतलं आणि मग लग्न झालं. बत्तीस वर्षांचा होतो. मधला भाऊ तर छत्तीसचा. आमच्या मजल्यावर असे घोडनवरे मोजून सात होते. बाहेरचे लोक म्हणायचे, गिरणगावातली पोरं उनाड, लग्नं करत नाहीत.

आणि मी, पॅसेजमध्ये आठ वर्षं झोपलेला माणूस, गावाचं नाव करी रोड ठेवतो, २७ घरं बांधतो आणि म्हणतो, झालं, सगळ्यांना छप्पर मिळालं!

वहीत आता 'वय' आणि 'रिकामी घरं' अशा दोन रेघा वाढवल्या आहेत. जुनं गाव तसंच ठेवलंय, पुसलं नाही. शाळा अकराव्या वर्षी काढली होती. तिचा तुम्ही सांगितलेला खड्डा वहीत दिसतोय, तेव्हा मला वाटलं पोरं आळशी आहेत.

---

टोरांटोची_थंडी

काका, जुनं गाव ठेवलंच असेल तर ते वाचवता येईल. टाउन हॉल बांधा. मग अधूनमधून भटक्यांचे तांडे येतात, 'आम्हाला घ्या' म्हणतात. होकार दिला की एका फटक्यात पंधरा-वीस माणसं. तुमच्याकडे घरं रिकामी आहेत, अन्न पडून आहे. याहून चांगली वेळ कुठली? माझी दोन गावं अशीच उठून उभी राहिली.

आणि खरोखरच निवांत काही हवं असेल तर डोर्फरोमँटिक बघा. बर्लिनच्या छोट्या चमूनं बनवलाय. षटकोनी फरशा एकेक करून लावत जायच्या, रानाला रान, नदीला नदी, रुळाला रूळ जुळवायचे. कुणी जन्मत नाही, कुणी मरत नाही. त्याच्या बोर्डगेमला २०२३ चं 'श्पील देस यारेस' मिळालं, म्हणजे जर्मनीतला बोर्डगेमचा मोठा मान. दिसायला सोपा आहे, पण फरशा पुरवायच्या म्हटल्या की त्यातही वहीवाल्याला पुरेसं काम आहे. बाहेर उणे १८ असताना मी तोच खेळते. बॅनिश्डमधला बर्फ बघवत नाही तेव्हा.

---

खानावळवाली

@टोरांटोची_थंडी, भटक्यांचं बरोबर आहे, पण काकांना सावध करते. ते शिकलेले नसतात, म्हणजे लाकूडतोड्याचे चाराचे पुन्हा तीन. सोबत रोगराई आणू शकतात, त्यामुळे दवाखाना आधी. आणि आल्या दिवसापासून जेवतात, पेरलेलं मात्र शरदातच हाताशी येणार. माझ्याकडे एकदा मेसला एकदम अठरा नवी पोरं लागली, जवळच्या एका कारखान्यात काम निघालं होतं म्हणून. पहिला आठवडा पोळ्या लाटायला मी, माझी सासू आणि शेजारीण. भटके म्हणजे तसंच.

पण १९ म्हातारी माणसं आणि १६,००० अन्न असं गाव असेल तर घ्या खुशाल. त्यांचं वाढून ठेवलेलं ताट आहे ते.

---

अर्धा_चहा

खाणींचं कुणी बोललं नाही. दगडाची खाण एकदा खोदली की ती जागा कायमची गेली. संपली तरी बुजवता येत नाही, पाडता येत नाही. मी गावाच्या मधोमध खोदली होती. ३० वर्षांनी शाळेसमोर तो खड्डा तसाच. काका, कडेला खोदा.

---

लासलगावकर

म्हणजे आमच्या तालुक्यातल्या क्रशरवाल्यांनीच बनवलाय का काय हा गेम.

(कॉलोनियल चार्टर नावाचा मोड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली जोड, टाकला की गिरणी-भट्टी मिळते, म्हणे. टाकून बघतो. निदान गव्हाचं पीठ तरी होऊ दे.)

---

बिनकार्ड

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय. अहवाल :

जुन्या करी रोडला टाउन हॉल बांधला. बांधायला उरलेल्या म्हाताऱ्यांनाच कामाला लावावं लागलं, दोन वर्षं लागली आणि तेवढ्यात सहा जण गेले. मग तांडा आला, २१ माणसं. घेतली. तीन पोरं लगेच शाळेच्या बाकावर बसली. शाळेत चार वर्षांत कुणी नव्हतं, पण मास्तर नेमलेला होता आणि तो रोज जाऊन बसत होता. (त्याचं नाव मला वाचता येत नाही. त्या लोकांची नावं कुठून आणतात कोण जाणे.)

नवं गाव वेगळं सुरू केलंय. नाव जिना. दर वसंतात एक घर, पहिला बर्फ वितळला की आधी ते आखायचं, मग बाकीचं. आज २६ वं वर्ष चालू आहे. ९८ माणसं, २९ घरं, अन्न ११,२००. आकडे मागच्याहून कमीच दिसतील. पण दर घरावर क्लिक करून वयं लिहून काढली, तर ९ पासून ७१ पर्यंत सगळी भरलेली. एकाही दशकात भोक नाही. हे बिनकार्ड मी फ्रेम करून लावीन.

एक गोष्ट मात्र सलते. नदीकाठचं पहिलं घर, कोठाराला लागून, मोक्याची जागा. त्यात ६८ वर्षांची एकटी बाई राहते. नवरा गेला, पोरं आपापल्या घरी गेली. पाच माणसांचं घर एका माणसानं अडवलंय. स्टोअर्सच्या भाषेत याला नॉन-मूव्हिंग स्टॉक म्हणतात, वर्षातून एकदा त्याची यादी करून वरती पाठवायची असते. हे मी जेवताना मोठ्यानं बोललो. बायको म्हणाली, "आपण दोघं तरी काय करतोय? दोन बेडरूम अडवून बसलोय. पाठवा यादी."

तर प्रश्न असा, की त्या बाईला लहान जागी हलवता येतं का? आणि दुसरा, मास्तर म्हातारा होत चाललाय, ६४. तो गेला तर काही करावं लागतं का?

---

खानावळवाली

हलवता येत नाही, काका. घर पाडायला काढलं तर ती बाहेर पडते, मग दुसरीकडे जागा असेल तर जाते, नसेल तर उघड्यावर. बरेच जण तसं करतात. मी करत नाही. एक घर जास्तीचं बांधते. १६ ओंडके.

मास्तरांचं जास्त गंभीर आहे. शिक्षक गेला आणि जागा लगेच भरली नाही, तर बाकावरची पोरं शाळा सोडतात आणि जन्मभर अडाणीच राहतात, पुन्हा शाळेत येत नाहीत. दोन-चार बिनकामाची माणसं नेहमी मोकळी ठेवा. लेबरर म्हणून दिसतात ती. कुठलीही जागा रिकामी झाली की त्यातलाच माणूस जातो. सगळ्यांना कामाला जुंपलं असेल तर मास्तरच्या जागी कुणीच येत नाही. मी मेसमध्येही एक बाई जास्तीची ठेवते. कुणाला तरी ताप येतोच.

---

बिनकार्ड

लेबरर शून्य आहेत. मला वाटत होतं शून्य म्हणजे उत्तम, कुणी रिकामं नाही. आत्ताच दोघांना शेतावरून काढतो. मास्तर पाहून येतो आधी.